स्ट्रीटकम्प्लीट वापरून पाहिलं: नकाशातल्या करड्या ठिपक्यांवर एका निवृत्त ऑडिटरचा शेरा

हे ॲप तुम्हाला कुठेही नेत नाही. रस्ता दाखवत नाही, गाडी बोलावत नाही, सवलतीचे कूपन देत नाही. उलट तेच तुम्हाला प्रश्न विचारतं. या फुटपाथवर फरशी आहे, डांबर आहे की नुसती माती? या दुकानात व्हीलचेअर जाते का? या बसथांब्याला छप्पर आहे का? या जिन्याला धरायला कठडा आहे का? रात्री या गल्लीत दिवे असतात का? तुम्ही त्या जागी उभं राहायचं, बघायचं, उत्तरावर बोट ठेवायचं आणि पुढे चालू पडायचं.

माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. रजिस्टरात चाळीस खुर्च्या लिहिल्या असतील तर उठायचं, गोदामात जायचं आणि चाळीस खुर्च्या मोजायच्या, ही आमची प्रत्यक्ष पडताळणी. कागद काय म्हणतो याला तोवर किंमत नाही. स्ट्रीटकम्प्लीट मला पटलं ते याच कारणाने. शहराच्या रजिस्टरची पडताळणी ते रहिवाशांकडून करून घेतं. घरी सोफ्यावर बसून लांबच्या एखाद्या पिनचं, म्हणजे नकाशावर टोचलेल्या प्रश्नाचं, उत्तर द्यायला गेलात, तर मध्येच थांबवून विचारतं की तुम्ही हे खरंच जागेवर जाऊन पाहिलंत का. नोकरीत हा प्रश्न मी लोकांना विचारायचे आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. आता यंत्र मला विचारतं, आणि मला अजिबात राग येत नाही.

ॲपच्या मागे जो नकाशा आहे तो ॲपपेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. स्टीव्ह कोस्ट याने २००४ साली ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. तिथे सरकारी नकाशांची माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत, अटी पाळाव्या लागत. त्यापेक्षा लोकांनीच आपला नकाशा करावा, अशी कल्पना. आज त्याच्या नोंदणीकृत सदस्यांची संख्या १ कोटीच्या पुढे गेली आहे. पण या नकाशात भर घालायची म्हणजे टॅग (नकाशातल्या प्रत्येक वस्तूला लावायची ओळखीची चिठ्ठी), रिलेशन, एडिटर असली भाषा शिकावी लागते, आणि माझ्या वयाची माणसं तिथेच हात जोडतात. जर्मनीतल्या टोबियास झ्विक याने २०१७ मध्ये आणलेल्या स्ट्रीटकम्प्लीटने ही भिंत पाडली. टॅगचा ट सुद्धा माहीत नसताना तुम्ही चित्रांतून उत्तर निवडता. टॅगचं काय करायचं ते ॲप पाहतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, त्याचा कोड कोणालाही पाहता येतो. अँड्रॉइडवर चालतं. आयफोन असेल तर एव्हरी डोअर नावाचं वेगळं ॲप आहे, ते दोन्हीकडे चालतं. त्याचा स्वभाव मात्र निराळा, थोडा दुकानांची यादी करणाऱ्या कारकुनासारखा.

आता मुद्द्याचं. शहर सगळ्यांचं असावं, असं भाषणात सगळेच म्हणतात. पण एखाद्या गल्लीत कोण येऊ शकतो आणि कोणाला कोपऱ्यावरूनच परत फिरावं लागतं, याची नोंद कुठे असते? बहुतेक ठिकाणी कुठेच नसते. ज्याला अडतं त्याच्या डोक्यात असते, आणि ज्याला अडत नाही त्याला ती दिसतच नाही.

माझी शाळेपासूनची मैत्रीण गेली काही वर्षं व्हीलचेअर वापरते. तिच्या फोनवर व्हीलमॅप असतो. बर्लिनच्या सोत्सियालहेल्डन या संस्थेने २०१० मध्ये तो सुरू केला. संस्थेच्या संस्थापकांपैकी राउल क्राउटहाउझेन स्वतः व्हीलचेअर वापरतात. नकाशा तोच, ओपनस्ट्रीटमॅप, पण प्रत्येक जागेला रंग दिलेला. हिरवा म्हणजे दारात पायरी नाही आणि आतही नाही. पिवळा म्हणजे दारात फार तर एक पायरी, तीही ७ सेंटिमीटरपेक्षा उंच नाही, साधारण चार बोटं आडवी धरली तर भरेल एवढी, आणि आतल्या महत्त्वाच्या खोल्यांत पायरीशिवाय जाता येतं. लाल म्हणजे नाही. करडा म्हणजे कोणी पाहिलेलंच नाही.

लाल ठिपके जास्त असले की तिला वाईट वाटत असेल, असा माझा समज होता. ती हसली. "अगं, लाल मला चालतो. लाल असेल तर मी जाणारच नाही, दुसरं बघेन. करडा चालत नाही. करड्यावर मी जाते, दारापर्यंत जाते, आणि सगळ्यांच्या देखत वळून परत येते."

तेव्हापासून मी हे ॲप वापरते ते करडे ठिपके पुसायला. उत्तर 'नाही' निघालं तरी ते कोणाचा तरी एक हेलपाटा वाचवतं, हे कळल्यावर या कामाची चव बदलते.

व्हीलचेअरच्या प्रश्नात स्ट्रीटकम्प्लीट 'हो', 'नाही' आणि 'अंशतः' असे तीन पर्याय देतं, आणि अंशतः म्हणजे काय हेही सांगतं. हे सांगणं फार महत्त्वाचं आहे. धडधाकट माणसाला एक पायरी ही पायरी वाटतच नाही. दुकानदाराला विचारलंत तर तो मनापासून म्हणेल, "हो, येते की व्हीलचेअर, एकच तर पायरी आहे." त्यात त्याचं काही कपट नसतं. म्हणून माझा नियम: विचारायचं नाही, मोजायचं. मी चार बोटं आडवी धरते. एका औषधाच्या दुकानात मला असं करताना पाहून मालक बाहेर आला, काय चाललंय ते विचारलं, आणि मग काउंटरमागून एक लाकडी फळी काढून पायरीवर टाकून दाखवली. फळी त्याच्याकडे होती. आहे हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं. ॲपमध्ये या फळीसाठी रकाना नाही. अशा वेळी नोट टाकायची सोय आहे: नकाशावर त्या जागी दोन ओळी लिहायच्या, हवं तर फोटो जोडायचा, आणि कोणीतरी अनुभवी मॅपर, म्हणजे नकाशात भर घालणारा, ती वाचून नकाशात योग्य जागी बसवतो. माझी फळीची नोट जगाच्या कुठल्या कोपऱ्यातल्या माणसाने मिटवली देव जाणे, पण मिटवताना त्याने विचारलं होतं की फळी मागावी लागते की कायम ठेवलेली असते. प्रश्न बरोबर होता. मागावी लागते.

चौक ओलांडण्याचे प्रश्न हा या ॲपचा सर्वांत सकस भाग आहे आणि मी सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवला. तिथे विचारलं जातं की फुटपाथची कड उंच आहे, उतरती आहे की रस्त्याशी सपाट. पायाला कळतील अशा उठावाच्या फरश्या आहेत का. सिग्नलला आवाज आहे का. सिग्नलच्या बटणाला कंप आहे का. हा शेवटचा प्रश्न आला तेव्हा सिग्नलचं बटण थरथरतं ही गोष्टच मला माहीत नव्हती. काही ठिकाणी बटणाच्या पेटीखाली एक छोटा भाग असतो, हिरवा दिवा लागला की तो थरथरतो. ज्यांना ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही अशांना त्यावर बोट ठेवून रस्ता ओलांडता येतो. इतकी वर्षं सिग्नलपाशी उभी राहिले, पण खाली हात घालून कधी पाहिलं नव्हतं.

हे प्रश्न मी एकटीने सोडवले नाहीत. आमच्याकडे गाणं शिकवणारे एक सर आहेत, त्यांना दिसत नाही. त्यांना बरोबर घेतलं, आणि माझ्या मैत्रिणीलाही. उठावाच्या फरश्यांचा इतिहास सरांनीच सांगितला. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्या असल्या की चला, गोल उठाव आले की थांबा. आता जगभर दिसतात. "दिसतात," सर म्हणाले, "पण त्या कुठे नेतात ते कोणी चालून पाहत नाही." एका ठिकाणी पट्ट्या आम्हाला थेट एका विजेच्या पेटीवर घेऊन गेल्या. फरश्या आहेत का, याचं प्रामाणिक उत्तर तिथे 'हो' असं येतं. म्हणजे रजिस्टरात खुर्ची आहे, पण पाय मोडलेली. मूळ ओपनस्ट्रीटमॅपमध्ये फरश्या चुकीच्या बसवल्या आहेत अशी नोंद करता येते, तर मी तिथेही नोट टाकून मोकळी झाले.

त्याच चौकात दोघांचं भांडण लागलं, आणि ते मला सगळ्या पुस्तकी व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवून गेलं. मैत्रिणीला कड रस्त्याशी अगदी सपाट हवी. दोन बोटांचा उंचवटा असला तरी पुढची लहान चाकं अडतात. सरांना कड हवीच हवी. ती नसली तर फुटपाथ कुठे संपला आणि गाड्या कुठे सुरू झाल्या हे काठीला कळत नाही. "तुमची सोय म्हणजे माझा अपघात," सर म्हणाले. "आणि तुमची सोय म्हणजे माझा कारावास," ही म्हणाली. दोघंही खरं बोलत होते. जर्मनीत बराच काळ ३ सेंटिमीटरची कड ही मधली तडजोड धरली गेली, म्हणजे दोघांनाही थोडा त्रास. नंतर तिथे दुसरा उपाय निघाला: एकाच क्रॉसिंगचे दोन भाग, एक पूर्ण सपाट आणि त्याच्या शेजारी दुसरा ६ सेंटिमीटर कडेचा, दोन्हींपर्यंत जाणाऱ्या फरश्या वेगवेगळ्या. हे ऐकल्यावर दोघं गप्प झाले. मग मैत्रीण म्हणाली, "हे आधीच सांगायचं ना." सर्वसमावेशक शहर म्हटलं की एकच सोय सगळ्यांना पुरते असं लोक धरून चालतात. कडेचा प्रश्न हातात घेऊन दोन वेगळ्या शरीरांच्या माणसांबरोबर एक चौक ओलांडा, ही समजूत तिथल्या तिथे गळून पडते.

ॲपमध्ये टीम मोड आहे. किती जण आहात ते सांगायचं, प्रत्येकाने आपलं चिन्ह निवडायचं, आणि प्रश्नांची वाटणी आपोआप होते, म्हणजे एकाच पिनवर चौघं धावत नाहीत. आम्ही काही जण रविवारी सकाळी गटाने निघायचो तेव्हा तो वापरून पाहिला. वाटणी होते खरी, पण ती आंधळी वाटणी आहे. फरश्यांचा प्रश्न कॉलेजच्या मुलाकडे, जिन्याचा प्रश्न बाबागाडी ढकलणाऱ्या आईकडे न जाता माझ्याकडे, आणि बाकाला पाठ आहे का हा प्रश्न ज्या आजोबांना प्रत्येक बाकावर टेकावं लागतं त्यांना सोडून इतर कोणाकडेही. शेवटी आम्ही टीम मोड बंद केला आणि प्रश्न तोंडाने वाटले. जिला जिना अडतो तिने जिना पाहावा. जिन्याच्या प्रश्नात तर बारकावा असा की रॅम्प आहे का एवढंच विचारत नाहीत. सायकलसाठी, बाबागाडीसाठी की व्हीलचेअरसाठी, हेही विचारतात. जिन्याच्या कडेला सायकल चढवायला केलेली अरुंद पन्हाळ बघून 'रॅम्प आहे' असं लिहिणारे महाभाग असतात, त्यांना हा चाप आहे. व्हीलचेअरच्या रॅम्पला अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे १ फूट चढायला १२ फूट लांबी लागते. जिन्याच्या कडेला तेवढी जागा कुठून येणार?

न दिसणाऱ्याला हे ॲप एकट्याने वापरणं अवघड आहे, हे स्पष्ट सांगते. प्रश्न नकाशावर पिनच्या रूपात टांगलेले असतात आणि डोळ्यांनी शोधून त्यावर बोट ठेवावं लागतं. ज्यांच्यासाठी निम्मे प्रश्न आहेत त्यांना उत्तर द्यायला शेजारी डोळस माणूस लागावा, ही मोठी उणीव. सरांचं म्हणणं वेगळं पडलं. ते म्हणाले, "बरंच झालं. नाहीतर तुम्ही मला यादी देऊन घरी पाठवलं असतं."

आमच्या भागाच्या एका टोकाला वस्ती आहे. कामासाठी बाहेरून आलेली कुटुंबं, निरनिराळ्या भाषा बोलणारी. नकाशावर तिथे घरांचे ठोकळे होते, गल्ल्यांच्या रेषा होत्या, आणि एकाही रेषेला नाव नव्हतं. ॲप विचारत होतं, या रस्त्याचं नाव काय? पाटी नाही म्हणून 'नाव नाही' असं उत्तर देता येतं. मी तसं दिलं असतं, नियमात बसत होतं. पण वस्तीतली एक कॉलेजात जाणारी मुलगी आमच्याबरोबर होती, तिने माझा हात धरला. प्रत्येक गल्लीला नाव होतं. नळाची गल्ली, शिलाईवाल्यांची गल्ली, आणि एका गल्लीला तर दोन भाषांत दोन नावं, वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला दुसरं. स्ट्रीटकम्प्लीटमध्ये एकाच रस्त्याला अनेक भाषांत नावं लिहिता येतात. तिने लिहिली, तिच्या आईला फोन करून विचारून लिहिली. पाटी नसलेलं पण सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव घ्यावं का, यावर नंतर एका मॅपरशी नोटमध्ये बरीच चर्चा झाली. निष्कर्ष असा निघाला की लोक खरोखर वापरत असतील तर घ्यावं. रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना पाटी कामाला येत नाही, तोंडचं नावच येतं.

या बाबतीत केनियाचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. नैरोबीतली किबेरा ही आफ्रिकेतल्या मोठ्या झोपडवस्त्यांपैकी एक. २००९ पर्यंत अधिकृत नकाशांवर ती जवळपास कोरी होती. कित्येक ठिकाणी तिथे जंगल दाखवलेलं. मग मॅप किबेरा या उपक्रमात तिथल्याच तरुणांनी हातात जीपीएस घेऊन वाटा, पाण्याचे नळ, शौचालयं, दवाखाने, शाळा नकाशावर आणल्या. बाहेरच्या कोणी येऊन केलं असतं तर रस्ते आले असते. अंधार पडल्यावर बाईने कुठून जाऊ नये, हे मात्र तिथे राहणाऱ्यालाच माहीत असतं.

पण इथे एक सावधगिरीही आहे आणि ती कोणत्याच प्रशंसापर लेखात मला सापडली नाही. काही वस्त्यांना नकाशावर न दिसणंच बरं वाटतं. दिसलं की मोजलं जातं, आणि मोजलं की हटवलं जाऊ शकतं. म्हणून वस्तीत आम्ही आधी विचारलं, मग पिना उघडल्या. दोन घरांनी नको म्हटलं, तिथलं काहीच लिहिलं नाही. घरात कोण राहतं, कोणत्या धर्माचं, कोणत्या देशातून आलेलं, हे तर ओपनस्ट्रीटमॅपमध्ये लिहायचंच नसतं. आणि स्वतःबद्दलही सांभाळा: तुमची प्रत्येक नोंद तुमच्या सदस्यनावासह, दिवस आणि वेळेसह सार्वजनिक असते. तुम्ही कुठे कधी फिरता हे त्यावरून कोणालाही काढता येईल. एकट्या राहणाऱ्या बाईने खऱ्या नावाने खातं काढू नये. घराजवळच्या पिना गटाबरोबर असताना सोडवाव्यात.

आता ॲप काय विचारत नाही त्याकडे येते. ओपनस्ट्रीटमॅपचा मूळ नियम आहे की जे दुसरा कोणी जाऊन तपासू शकेल तेवढंच लिहावं. ऑडिटर म्हणून मी या नियमाला दोन्ही हातांनी सलाम करते. पण वस्तीतल्या त्या मुलीने विचारलं, "त्या मॉलच्या दारातला पहारेकरी मला दर वेळी पिशवी उघडायला लावतो, तुम्हाला लावत नाही. हे कुठे लिहायचं?" कुठेच नाही. पायरीची उंची मोजता येते, नजर मोजता येत नाही. हिरव्या ठिपक्याचं दुकान म्हणजे तिथे आपलं स्वागत होईल असं नव्हे. फक्त चाक आत जाईल. व्हीलमॅपच्या रंगांवर फार विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि काय मोजायचं हेही कोणीतरी ठरवत असतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नवे प्रकार रीतसर आणायचे तर प्रस्ताव मांडून चर्चा आणि मतदान होतं. २०११ मध्ये पाळणाघरासाठी स्वतंत्र टॅगचा प्रस्ताव मतदानात नापास झाला होता. दारूचे गुत्ते, रात्रीचे क्लब यांचे प्रकार तेव्हाही व्यवस्थित वेगवेगळे होते. भूगोलाच्या अभ्यासक मोनिका स्टीफन्स यांनी २०१३ च्या लेखात याकडे बोट दाखवलं: नकाशा करणारे बहुतेक पुरुष असतील तर पुरुषांना लागणाऱ्या जागांचे बारकावे येतात, बाकीच्यांच्या जागा एका गठ्ठ्यात जातात. आज पाळणाघराचा टॅग रूढ आहे. २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या मॅपर बायकांनी जिओचिकास नावाचा गट काढला आणि शहरांतले किती रस्ते बायकांच्या नावाचे आहेत याचे नकाशे केले. ते पाहून हसावं की रडावं असा प्रश्न पडतो.

स्ट्रीटकम्प्लीटमध्ये बाळाचं लंगोट बदलायला टेबल आहे का, हा प्रश्न आहे. पण तो सुरुवातीला बंद असतो, कारण त्यासाठी आत जावं लागतं आणि वाटेने चालणाऱ्याला ते नकोसं होतं. कारण समजतं. परिणाम असा की ज्याला हौस आहे तो सेटिंग्जमध्ये जाऊन तो चालू करेपर्यंत तो प्रश्न कोणालाच पडत नाही. सगळ्यात आधी तो चालू करा.

ताऱ्यांबद्दल माझी थोडी कुरकुर आहे. प्रत्येक उत्तराला एक तारा मिळतो, तारे साठले की बिल्ले मिळतात, देशातला क्रमांक दिसतो. आमच्या गटातल्या कॉलेजच्या मुलाला याचा चसका लागला आणि तो इमारतींचे मजले मोजत सुटला, कारण एका जागी उभं राहून वीस इमारती दिसतात. चौकातली कड वाकून पाहायला वेळ लागतो, शौचालयात आत जाऊन पाहायला लाज वाटते, तारा एकच. मी त्याला सांगितलं की मजले कोणाला अडत नाहीत. त्याने ऐकलं, पण क्रमांक बघायचं सोडलं नाही. वीस वर्षांचा आहे, चालायचंच.

या नोंदींचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी. उत्तर तुम्ही पाठवलं की ते ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं, ॲपच्या पेटीत अडकून राहत नाही. मग ते व्हीलमॅपवर दिसतं. जर्मनीतल्या हायडलबर्गच्या संशोधकांची ओपनरूटसर्व्हिस त्यातूनच व्हीलचेअरला चालणारा रस्ता काढते, कडेची उंची आणि पृष्ठभाग बघून. मायक्रोसॉफ्टचं साउंडस्केप हे न दिसणाऱ्यांना आवाजाने परिसर सांगणारं ॲप याच नकाशावर चालायचं. कंपनीने २०२३ मध्ये ते बंद केलं आणि कोड खुला केला, तर इतरांनी तोच धागा उचलून तशी ॲप्स काढली. कंपनी गेली तरी नोंदी राहिल्या. मेटा, ॲमेझॉनसारख्या बड्या कंपन्याही हाच नकाशा वापरतात, म्हणजे माझ्या फुकटच्या पायपिटीवर त्यांचाही धंदा चालतो. मला त्याचं फार वाटत नाही. सर मात्र अजून धुसफुसतात.

माझ्या दृष्टीने खरी किंमत वसूल झाली ती पालिकेच्या कार्यालयात. ओव्हरपास टर्बो नावाच्या वेबपानावरून मी आमच्या भागातल्या, कड उंच असलेल्या सगळ्या क्रॉसिंगची यादी काढली, दवाखाना आणि शाळेजवळच्या वर घेतल्या आणि अभियंत्यांपुढे ठेवली. त्यांनी पहिला प्रश्न केला, "हे कोणी तपासलं?" आयुष्यभर ज्या प्रश्नाची मी वाट पाहिली तो हाच. प्रत्येक नोंदीचा इतिहास नकाशात असतो: कधी टाकली, कोणी बदलली, आधी काय होतं. मी तो उघडून दाखवला. ते खुर्चीत जरा सरसावून बसले. पुढे काही ठिकाणी उतार झाले. एका ठिकाणी उतार झाला आणि त्याच्या बरोबर मधोमध लोखंडी खांब रोवला गेला, दुचाक्या चढू नयेत म्हणून. खांब आणि उताराची बाजू यांमधून माझ्या मैत्रिणीची खुर्ची जात नाही. आम्ही कड 'उतरती' अशी बदलली, कारण ती उतरती आहे, आणि खांबही नोंदवला, कारण तोही आहे. पुढच्या यादीत तो पहिल्या नंबरावर होता.

पाचपैकी चार. एक तारा कापला तो नकाशातून पिन शोधण्याच्या सक्तीबद्दल आणि सोप्या-अवघड उत्तरांना सारखंच बक्षीस देण्याबद्दल. मोफत वस्तूचा तारा कापणं कंजूषपणाचं वाटेल, पण मोफत वस्तू वापरायला वेळ लागतोच, आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. दोन पाळ्यांत काम करणारी माणसं हे ॲप उघडणार नाहीत, त्यामुळे त्यांच्या गल्ल्या करड्याच राहतात. म्हणून ज्यांना सवड आहे त्यांनी आपल्या गल्लीचे बाक मोजून थांबू नये.

सुरू करणार असाल तर आधी ओपनस्ट्रीटमॅपचं खातं काढा, नाहीतर उत्तरं फोनमध्येच साठून राहतील. घरच्या वायफायवर परिसर उतरवून घ्या. बाहेर इंटरनेट नसलं तरी चालतं. सेटिंग्जमध्ये प्रश्नांचा क्रम बदलता येतो: व्हीलचेअर, कड, फरश्या, सिग्नलचा आवाज, जिन्याचा कठडा, दिवे आणि शौचालयं वर आणा, छपराचा आकार आणि मजले सरळ बंद करा. रस्त्याच्या रुंदीच्या काही प्रश्नांना मोजणीचं वेगळं ॲप लागतं, ते सुरुवातीला सोडून द्या. आणि भर पावसात जाऊ नका. ओल्या काचेवर बोट घसरून भलतंच उत्तर जातं. ते मागे घ्यायची सोय आहे, पण छत्री धरलेल्या हाताने ते बटण दाबणं मला अजून जमलेलं नाही.